वरवंट्याची साक्ष

खोली भाड्याने घ्यायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला न्हाणीघर दाखवलं नाही, पाण्याच्या वेळा सांगितल्या नाहीत, मासे चालतात का हेही विचारलं नाही. त्यांनी मला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "ही खोली दर वर्षी साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येला सरकते. मागाहून तक्रार नको."

मी नगरकडचा. आमच्याकडचे घरमालक असल्या गोष्टी आधी सांगत नाहीत. मिठबावच्या अलीकडे, सड्याच्या म्हणजे कातळपठाराच्या उतारावर वसलेल्या त्या गावात हायस्कुलात मराठी शिकवायला म्हणून मी दोन दिवसांपूर्वीच उतरलो होतो आणि मला कुठेतरी पाठ टेकायची होती. मी म्हणालो, मला चालेल. ते म्हणाले, "तुम्हाला न चालली तरी ती सरकणार." मग त्यांनी किल्ली दिली.

ते त्याच शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. शाळेत आम्ही बाकीचे सगळे 'सर' होतो, गावाने 'मास्तर' हा शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. निवृत्ती त्यांनी फक्त पगारापुरती घेतली होती. शिकवणं चालूच होतं आणि वर्ग म्हणजे जो कोणी ओट्यावर टेकेल तो. वायरमन मीटर बघायला आला तर हिमालय कसा वर आला ते ऐकून जाई. आणि 'अजून वर येतोय' हे वाक्य ते अशा सुरात म्हणत, की वायरमनला त्याबाबत काहीतरी करणं भाग आहे असं वाटावं.

त्यांच्या घरात सगळं बांधलेलं होतं. कपाट सुंभाने भिंतीला बांधलेलं, भांड्यांच्या फळीला पुढून आडवी दोरी, देवाच्या तसबिरी मागून आणि खालून तारेने जखडलेल्या. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर काही टांगायचं नाही हा नियम. चतुर्थीला गणपतीच्या वर जी माटवी बांधतात, तिच्यात गावभर नारळ, तवशी म्हणजे मोठाल्या काकड्या, सुपारीचे घोस लोंबत असतात. मास्तरांच्या माटवीत फक्त पानं आणि फुलं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "धक्का बसला आणि नारळ मूर्तीच्या डोक्यात पडला तर? आपण पाहुण्याला बोलावतो, तर डोक्यावर काय टांगतो त्याची जबाबदारी आपली." आरतीला आलेल्या लोकांना हे पटत नसे, पण तेवढा वेळ ते आपल्या डोक्यावर काय आहे ते मात्र बघून घेत.

माजघरात, घराच्या मधल्या तुळईला तारेने टांगलेला एक वरवंटा होता. त्याच्या खालच्या टोकाला एक सुई बसवलेली. सुईखाली पत्र्याचा डबा, डब्याभोवती चिमणीच्या काजळीवर धरून काळा केलेला कागद, आणि तो डबा एका मोडक्या घड्याळाच्या यंत्रावर दिवसाकाठी एक फेरा घेई. घर हललं की कागद हले, जड वरवंटा आपल्या जागी राही आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटे. "हलतो तो वरवंटा नाही, हलतो आपण," असं ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुणा मान डोलवी आणि पुन्हा वरवंट्याकडेच संशयाने बघे.

काकींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, या यंत्राबद्दलचं मत वेगळं होतं. "माजो वरवंटो छपराक टांगलो आणि माका सांगतत जगाच्या उपयोगाचो आसा," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "माज्या उपयोगाचो होतो, तेचा काय?"

रेघांची नोंद एका वहीत होई. वेळ, दिशा, लांबी, कारण असे चार रकाने. अशा वह्यांची एक अख्खी फळी होती, अर्थात बांधलेली. शेवटचा रकाना मी पुष्कळदा चाळत असे. 'नारळ.' 'शहाळं.' 'पाच पंचवीसची एसटी.' 'बोका.' अधूनमधून 'सौ. रागाने उठली', वेळेसकट. सकाळी मासे घेऊन येणारी मथुराबाय ओट्यावर पाटी टेकवी, तीही रेघेत येई. खरा भूकंप वर्षाला एखादा, तोही घाटापलीकडून आलेला, इथे पोचेपर्यंत दमलेला. त्याची नोंद लाल शाईने. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने पेपर आला की मास्तर तो उभ्यानेच उघडत. आतल्या पानावर सौम्य धक्क्याची चार ओळींची बातमी सापडली की त्यांना आनंद होई. तो भविष्य खरं ठरल्याचा नसे. जमाखर्च जुळलेल्या कारकुनाच्या चेहऱ्यावर असतो तेवढाच असे.

वर्गात ते भूपट्ट कसे शिकवत, ते मला त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून कळलं. शाळेच्या मागे तीन दगडांवर टोप ठेवून उकड्या तांदळाची पेज शिजवायची. पेज निवली की वर जाड पापुद्रा धरतो, तो आपला देश. खालून पुन्हा जाळ घातला की पापुद्रा फाटतो, तुकडे सरकतात, एकमेकांवर चढतात, आणि फटीतून गरम पेज वर येते, तो ज्वालामुखी. मग सगळा वर्ग मिठाचं बोट लावून पृथ्वी खाऊन टाकी. एकाने परीक्षेत लिहिलं, पृथ्वीच्या पोटात पेज असते. मास्तरांनी त्याला पूर्ण गुण दिले. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला तेव्हा त्यांनी लेखी उत्तर दिलं की विद्यार्थ्याने प्रत्यक्ष निरीक्षणावर विसंबून लिहिलं आहे, पुस्तकावर विसंबणाऱ्यांपैकी कोणीही खाली जाऊन बघून आलेलं नाही.

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, ही गोष्टही ते शिकवत. नास्तिक मंडळी त्यावर नाराज असत आणि आस्तिक मंडळी त्यापुढच्या वाक्यावर. ते वाक्य असं: "कल्पना बरोबर आहे, फक्त बाण खालून आला."

सड्यावरच्या एका बांधावरून दोन चुलतभाऊ बारा वर्षं कोर्टात भांडत होते. एकदा दोघांनी मिळून मास्तरांना मध्यस्थीला बोलावलं. मास्तर बांधावर उभे राहिले, दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझी जमीन सरकतेय. ह्याची पण सरकतेय. दोघांची एकाच दिशेने, एकाच वेगाने. म्हणून भांडण जागच्या जागी राहिलंय." ते घरी आले. दोघा भावांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं, की मास्तरांना पुन्हा बोलवायचं नाही.

समारंभांशी त्यांचं जमत नसे. एकदा शाळेत भूकंपाची रंगीत तालीम ठेवली होती. मंडप, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, हार, सगळी तयारी. भूकंप सकाळी अकराला व्हायचा होता, पण प्रमुख पाहुणे तळेऱ्याला अडकल्यामुळे तो पावणेएक वाजता झाला. भोंगा वाजल्यावर मुलांनी टेबलाखाली जायचं होतं. शाळेत टेबलं चार होती. ती व्यासपीठावर होती आणि त्यांच्यामागे पाहुणे बसले होते. मुलं उन्हात उभी राहिली आणि भूकंप कसा यशस्वी झाला यावर तासभर भाषणं झाली. मास्तर निमंत्रित म्हणून पहिल्या रांगेत होते. संध्याकाळी त्यांनी वहीत लिहिलं: 'भूकंप. नियोजित. रेघ नाही.'

हे सगळं गमतीचं होतं आणि गाव त्याकडे गमतीनेच बघे. वहीला एकदा किंमत येईल असं कोणाला वाटलं नव्हतं, आणि आली तेव्हा ती कोणालाच सोसली नाही.

सड्यावर काळ्या दगडाची खाण निघाली, शेजारी खडी फोडायचं यंत्र बसलं. खाणीचे मालक 'भाऊ' म्हणून ओळखले जात. तळेऱ्यापासून गावापर्यंत प्रत्येक वळणावर त्यांचा हात जोडलेला फलक होता, त्यामुळे वळण कुठे आहे हे परक्या ड्रायव्हरला लांबूनच कळे. हा त्यांचा खरा उपयोग. दुपारी लोक जेवायला बसले की सड्यावर सुरुंग उडत. खालच्या वाडीतल्या भिंतींना तडे गेले, दोन विहिरींचं पाणी खाली गेलं. तक्रारी वाढल्या तशी भाऊंना भूगर्भशास्त्राची गोडी लागली. जिथे जातील तिथे ते सांगू लागले की कोकण मुळातच भूकंपाच्या पट्ट्यात आहे, जमीन सरकते आहे, निसर्गापुढे कोणाचं काय चालतं. मास्तरांची वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकताना गावाला राग येई. मास्तर म्हणत, वाक्य बरोबर आहे, तोंड कोणाचं का असेना.

वाडीने अर्ज करायचं ठरवलं: सुरुंग बंद करा. पुरावा म्हणून मास्तरांच्या वह्या. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मराठीचा. मी चार पानं लिहिली. शेवटच्या परिच्छेदाला काहीतरी काळजाला हात घालणारं हवं म्हणून मथुराबायची भिंत घेतली. महिनाभरापूर्वी एका सकाळी, ती मासे विकायला गेलेली असताना, तिच्या घराची मागची भिंत पडली होती. मी लिहिलं: 'सुरुंगाच्या प्रचंड हादऱ्याने एका निराधार विधवेच्या घराची भिंत क्षणार्धात जमीनदोस्त झाली.' मथुराबाय निराधार नव्हती. तिला होडीवर जाणारे दोन मुलगे होते आणि त्या दोघांपेक्षा धारदार अशी जीभ. पण परिच्छेद चांगला झाला होता. सह्या झाल्या, अर्ज ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत गेला.

चार दिवसांनी मास्तरांनी अर्जाची प्रत वाचली आणि वही घेऊन माझ्या खोलीत आले. त्या तारखेसमोर लाल शाई होती. ते म्हणाले, तो भूकंप होता, दुसऱ्या दिवशी पेपरातही आला होता. आणि त्या दिवशी खाण बंद होती, मुकादमाच्या मुलीचं लग्न होतं.

मी म्हणालो, अर्ज गेला.

"मग दुसरा अर्ज करा, पहिला चुकला म्हणून."

मी त्यांना समजावलं की असं केलं तर केस बिघडेल. बाकीचं सगळं खरं असताना एका ओळीसाठी वाडीचं नुकसान होईल. मला वाटतं मी बराच वेळ बोललो, आणि चांगलं बोललो. मास्तर शेवटी म्हणाले, "मी भूगोलाचा. केस नागरिकशास्त्रात येते." आणि वही घेऊन गेले.

मी सरपंचांना सांगितलं, नाइलाज होता. संध्याकाळी वाडीतली माणसं ओट्यावर जमली, मथुराबाय सर्वांत पुढे. सरपंच हळू आवाजात म्हणाले, "मास्तरांनू, तुमी खोटा बोला असा आमी सांगणत नाय. फकस्त तां पान उघडू नका."

मास्तर म्हणाले, "विचारल्यानी नाय तर उघडूचंय नाय. विचारल्यानी तर वाचतलंय."

"आणि माजी भिंत?" मथुराबायने विचारलं.

"पडली, ह्यां खरा."

"कोणी पाडली?"

"कोणी नाय. जमनीन."

"म्हणजे माज्याच जमनीन माजी भिंत पाडली?"

"व्हय," मास्तर म्हणाले.

मथुराबाय माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि ह्या घाटावरच्या सरान माका निराधार करून ठेवल्यान, तां येगळाच." ती उठून गेली.

चौकशीला ओरोसहून एक साहेब यायचे होते. ग्रामपंचायतीच्या सभागृहात भाऊंनी वाटायला आणलेल्या छत्र्या रचून ठेवल्या होत्या, म्हणून सुनावणी देवळाच्या मंडपात ठेवली. तिथे काय घडलं ते कळायला मास्तरांच्या घराण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी.

देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. मानकऱ्याने मंडपात ठरलेल्या खांबाशी उभं राहायचं, एकेक मागणं खड्या आवाजात मांडायचं, आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्या गावाने 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वडील गेल्यावर तरुणपणी मास्तर एकदाच उभे राहिले होते. आवाज असा, की म्हातारी माणसं अजून नाव काढतात. पण 'धरती थीर ठेव' हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं मागणं त्यांनी गाळलं. त्याऐवजी 'हलतली तर दिवसाढवळ्या हलांदे' असं मागितलं. गाव सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणालं आणि घरी जाऊन घाबरलं. विचारायला आलेल्यांना मास्तरांनी सांगितलं की जे होणं शक्य नाही ते मागून देवाला अडचणीत आणू नये. पुढल्या वर्षापासून मान चुलतभावाकडे गेला. मास्तरांनी तो आनंदाने दिला.

सुनावणीच्या दिवशी साहेब आले. घाटावरचे, पोटाने नाजूक, चहाऐवजी गरम पाणी पिणारे. त्यांच्याबरोबर टिपण घ्यायला इथल्याच भागातला एक कारकून. एका बाजूला भाऊ आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला वाडी. सरपंचांनी वाडीला बजावून ठेवलं होतं की मास्तर बोलतील तेव्हा सगळ्यांनी साथ द्यायची, साहेबांना एकी दिसली पाहिजे. मास्तर वह्या घेऊन उठले आणि नेमके त्या खांबाशी जाऊन उभे राहिले, कारण ध्वनिक्षेपक तिथे लावला होता. तो त्यांनी बाजूला सारला. त्यांना त्याची गरज नव्हती.

त्यांनी पहिली नोंद वाचली. "दुपारी एक वाजून सात मिनिटं. दिशा सडा. कारण सुरुंग."

मंडप म्हणाला, "व्हय म्हाराजा."

साहेबांच्या हातातलं पाणी हिंदकळलं. मास्तरही क्षणभर थांबले. पण त्यांना वाचायचं होतं. "दुपारी एक वाजून बारा मिनिटं. दिशा सडा. कारण सुरुंग."

"व्हय म्हाराजा."

कोणी मुद्दाम केलं नव्हतं. त्या खांबाशी उभा राहिलेला माणूस त्या आवाजात बोलला तर त्याला साथ देण्याची दुसरी रीत गावाला ठाऊकच नव्हती. पाचव्या नोंदीपर्यंत साहेब रुळले. दहाव्या नोंदीला त्यांचा कारकून टिपण घेता घेता ओठ हलवू लागला. विसाव्या नोंदीच्या सुमारास, मंडपाबाहेर गाडीला टेकून उभा असलेला भाऊंचा ड्रायव्हरही 'व्हय म्हाराजा' म्हणताना मी पाहिला. भाऊंनीही पाहिला. काम छान चाललं होतं.

मग वकील उठले. अर्जात भिंत पडल्याची जी तारीख आहे, तिची नोंद वाचावी, एवढंच ते म्हणाले. त्यांना कोणी सांगितलं होतं की त्यांनी स्वतः पेपर चाळला होता, हे मला आजवर कळलेलं नाही.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. नकाशावर एखादं गाव कुठे आहे ते बघून घेतात, तेवढंच ते होतं. मग त्यांनी पान उघडलं आणि त्याच आवाजात वाचलं. "सकाळी आठ वाजून चौतीस मिनिटं. दिशा उत्तर. रेघ लांब. कारण भूकंप. सुरुंग नाही."

"व्हय म्हाराजा," मंडप म्हणाला.

आपण कशाला होकार दिला हे माणसांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. ते पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत चेहऱ्याचेहऱ्यावरून सरकत गेलं. मथुराबायनेही होकार दिला होता. तिचा हात तोंडावर गेला होता आणि तिथेच राहिला होता. कारकुनाने लिहून टाकलं होतं: ग्रामस्थांचा एकमुखी दुजोरा. भाऊंनी देवाला हात जोडले.

साहेबांनी विचारलं, "केवढा होता धक्का?"

"लहान. फळीवरचा पेला पडला नाही."

"मग भिंत कशी पडली?"

"निरोगी असती तर पडली नसती. आधीच खिळखिळी झाली होती."

"कशामुळे?"

सगळी वाडी पुढे झुकली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द मास्तरांच्या वह्यांत शेकडो वेळा, त्यांच्या हस्ताक्षरात होता. ते उच्चारते तर खोटंही ठरलं नसतं. बहुधा खरंच होतं ते.

"ते वरवंटा सांगत नाही," मास्तर म्हणाले.

या वेळी कोणी साथ दिली नाही.

साहेबांनी वह्या मागून घेतल्या आणि वीसेक मिनिटं चाळल्या. मध्येच त्यांनी मान वर करून विचारलं, "'सौ. रागाने उठली' हे काय आहे?" मास्तर म्हणाले, त्या दिवशी ती उठली होती. बायकांच्या बाजूने काकींचा आवाज आला, "उठलंय होतंय, खरा आसा." साहेबांनी गरम पाण्याचा घोट घेतला, वह्या मिटल्या आणि सुनावणी संपली.

त्यानंतर महिनाभर गाव मास्तरांशी बोललं नाही. ते रस्त्यात भेटले तर माणसं चप्पल नीट करायला वाकत. मास्तर रोजच्या वेळेला कागद काजळीवर धरत. अर्ज मी लिहिला होता, पण माझ्याशी सगळे बोलत होते. मला त्याची सवय होत चालली होती, हे मी आता लिहून ठेवतो.

मग ओरोसहून आदेश आला. 'सदर नोंदवहीत नोंदी ठेवणाऱ्याने स्वतःच्या गावाच्या तसेच कुटुंबाच्या विरुद्धही नोंदी ठेवल्याचे दिसून येत असल्याने' बाकीच्या सगळ्या नोंदी ग्राह्य धरल्या होत्या. सुरुंग बंद. दगड यंत्राने कापायला हरकत नाही. ज्या घरांना तडे होते त्यांची डागडुजी खाणवाल्यांनी करून द्यायची. त्या यादीतून एक घर वगळलं होतं, 'भिंत नैसर्गिक कारणाने पडल्याचे ग्रामस्थांनीच मान्य केले असल्याने'.

गावात फटाके वाजले. सरपंचांना हार घातले गेले. आठ दिवसांत प्रत्येक वळणावर नवा फलक लागला: 'सुरुंगमुक्त गाव, संकल्पना: भाऊ'. मास्तरांशी माणसं पुन्हा बोलू लागली, आधी जरा जास्तच. वाडीत गवंडी आले, तडे बुजले. मथुराबायच्या मागच्या बाजूला होडीवरची निळी ताडपत्री तशीच राहिली. तिचे मुलगे बंदर बंद होईपर्यंत समुद्रावर, आणि मिरगाचा पाऊस पंधरा दिवसांवर आलेला.

मथुराबाय आमच्या फाटकावरून रोज जाई, मासे घेण्याची हाक नेहमीपेक्षा मोठ्याने देई, आणि थांबत नसे. काकी दुसरीकडून मासे घेऊ लागल्या. ते मऊ निघत. काकी कोणालाच काही बोलल्या नाहीत, आणि त्या घरात ते फार जाणवायचं.

एका रविवारी सकाळी मास्तर थापी, ओळंबा आणि दोरीचं बंडल घेऊन निघाले. मला म्हणाले, चला, चिरे जड असतात. त्यांनी आयुष्यात भिंत बांधलेली नव्हती. मी तर नव्हतीच.

मथुराबाय मासे विकून परत आली तेव्हा आम्ही तिच्या मागच्या आवारात पडलेल्या चिऱ्यांतले धड चिरे निवडून एका ओळीत मांडत होतो. तिने डोक्यावरची पाटी उतरवली.

"ह्यां काय चललाहा?"

"भिंत," मास्तर म्हणाले.

"ऑर्डरीत माजी भिंत नाय."

"म्हणान तर इलंय."

तिने चिऱ्यांकडे बघितलं, ओळंब्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघून तोंड वाकडं केलं. मग पायरीवर बसली. "आणि परत पडली तर? तेव्हा काय लिवतलात?"

"जेच्यान पडात, तां लिवतलंय."

"तुमी बांदलेली आसली तरी?"

"तरी."

तिने पदराने मान पुसली. "मगे बांदा," ती म्हणाली. "पण खिडकी मोठी ठेवा."

मास्तरांनी काठी घेतली आणि मातीत आकृती काढून तिला समजावलं. भोक मोठं तेवढी भिंत दुबळी. तडा जातो तो खिडकीच्या कोपऱ्यातूनच जातो. या भिंतीला खिडकी नसलेलीच बरी, अगदीच हवी तर हातभर, आणि कोपऱ्यापासून लांब. त्यांनी उत्तरेकडून येणारी लाट दाखवली, सड्याकडून येणारी दाखवली, दोन्हींत भिंत कशी मोडेल ते दाखवलं. मथुराबायने एकदाही मध्ये न बोलता सगळं ऐकलं. इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला वर्गात मिळालेला नाही.

"मास्तरांनू," ती म्हणाली, "भूकंप वर्साक एकदा येतलो. वारो माका रोज व्हयो."

मास्तर काठी हातात घेऊन उभे राहिले. ताडपत्री फडफडत होती. मग त्यांनी मातीतली आकृती पायाने पुसली, खाली बसले आणि दुसरी काढली. तिच्यात खिडकी मोठी होती.